आधी गिटार तपासा

जोधपूरहून शिलाँगला बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये आमच्या सतरा काळ्या ट्रंका होत्या, एक सायकल, तुळशीची कुंडी आणि लेकीची इलेक्ट्रिक गिटार. गिटार तिच्या बाराव्या वाढदिवसाला घेतलेली. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, साधी, माझ्या खिशाला परवडेल अशी. म्हटलं, आता ही खऱ्या गिटारच्या गावी निघाली. शिलाँगमध्ये दरवर्षी २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस साजरा होतो. लू मजाव या गायकाने १९७२ पासून ही प्रथा चालवली आहे. अशा गावात पोरगी रोज दोन तास वाजवेल, अशी माझी समजूत होती.

झालं उलटंच. पावसाळा लागला आणि तिचं वाजवणं कमी कमी होत गेलं. विचारलं तर म्हणाली, "बाबा, बोटं दुखतात. एफ कॉर्ड लागतच नाही."

माझ्यातला जुना कॅडेट जागा झाला. खडकवासल्याला आम्ही तळहाताची सालं निघेपर्यंत दोरावर कसे चढायचो, रगडा लागला की काय व्हायचं, हे सगळं तिला पुन्हा एकदा ऐकवलं. घट्टे पडले की दुखायचं थांबेल, दुखतंय म्हणून सोडायचं नसतं, असं सुनावलं. ती एवढंच म्हणाली, "मी आळशी नाहीये, बाबा." गिटार पिशवीत गेली आणि तीन महिने तिथेच राहिली.

शेवटी विकून टाकावी म्हणून लाइतुमख्राह भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. लेकही बरोबर होती. इथे वडीलधाऱ्या माणसाला 'बाह' म्हणतात. त्या बाहने गिटार हातात घेतली, पहिल्या पडद्यावर बोटं दाबली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "साहब, इसमें तो मेरी भी उँगली दुखेगी."

मग त्याने दाखवलं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा मिळून चाळीसेक किलोचा ताण तिच्या मानेवर सतत असतो. त्याला तोलून धरायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. जोधपूरच्या कोरड्या हवेत जुळवलेलं लाकूड शिलाँगच्या पावसात ओल पिऊन फुगलं आणि मान तारांच्या ओढीने पुढे वाकली. बाराव्या पडद्यावर तार साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंच असली की बरी. हिची तीनच्याही वर होती. शिवाय वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात, त्या नटच्या खाचा पहिल्यापासूनच उथळ होत्या. त्यामुळे पहिल्या पडद्यावरचा एफ म्हणजे शिक्षाच. बदली माणसांची होते तशी गिटारचीही होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहने ट्रस रॉडला पाव फेरा दिला, ब्रिजवरच्या खुंट्या खाली घेतल्या, खाचा कानशीने घासल्या, नऊ नंबरच्या बारीक तारा चढवल्या. पाऊण तास लागला. लेकीने एफ धरला. लागला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पुन्हा धरला, पुन्हा वाजवला.

तेवढ्या वेळात मी भिंतीवरच्या गिटारी काढून काढून बघत होतो. मेसच्या पार्टीत तीन-चार कॉर्डवर निभावून नेणारा माणूस मी, पण हातांना फरक कळतो. टेलिकास्टर ही फेंडरची १९५०च्या सुमाराची, म्हणजे सपाट फळीला चार स्क्रूंनी जोडलेली मान. मजा अशी, की लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. तिच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरला पोटाशी आणि कोपराशी उतार दिला. गिब्सनची लेस पॉल १९५२ची, मॅहॉगनीची, जड. तिचे हंबकर पिकअप दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडून विजेची घरघर मारतात, आवाज भरदार येतो. तिची तार फेंडरपेक्षा पाऊण इंचाने आखूड, साडेपंचवीसऐवजी पावणेपंचवीस इंच. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर फेंडरवर सुमारे सहा टक्के जास्त ताण येतो, म्हणून लेस पॉलवर तार ओढून सूर चढवणं हाताला सोपं जातं.

लेकीला लेस पॉलचा आवाज आवडला, पण दहा मिनिटांत खांदा भरून आला. मला टेलिकास्टर आवडली. तिच्यावर चुकलेला सूर लपत नाही, आणि बटणं इतकी कमी, की वाजवण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही. अस्सल अमेरिकन लेस पॉल दोन लाखांच्या पुढे जाते. पण तीही तारा उंच ठेवून कुणाच्या हातात दिली तर तो कंटाळणारच.

म्हणून माझं मत असं. गिटार वाजवण्यात आनंद कशाने येतो, याच्या यादीत नाव आणि किंमत खाली येतात. मान तळहातात कशी बसते, तारा किती उंच आहेत, वजन किती वेळ पेलवतं, पडद्यांची टोकं टोचतात का, हे वर येतं. स्वस्त गिटार नेहमीच चांगली निघते असं मी म्हणत नाही. ज्या गिटारचे पडदेच चुकीच्या जागी बसलेत किंवा मान पिळली आहे, तिला कुठलाच बाह वाचवू शकत नाही, आणि खुंट्या सूर धरत नसतील तर त्या बदलाव्याच लागतात. पण नवी घेण्याआधी असलेली एकदा जुळवून घ्या, आणि हवा बदलली की पुन्हा जुळवा. दुकानात जाल तेव्हा दहा मिनिटं बसून वाजवा, आणि नंतर आपल्या बोटांना विचारा.

घरी येताना मला माझ्या पहिल्या पलटणीतले सुभेदार साहेब आठवले. फायरिंग रेंजवर एका जवानाच्या पाचही गोळ्या निशाण्याच्या डावीकडे, पण एका मुठीत मावतील इतक्या जवळजवळ. मी नवा लेफ्टनंट, त्याला पळवायला निघालो होतो. सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. ग्रुपिंग घट्ट आहे, म्हणजे पोराचा हात स्थिर आहे. चूक रायफलच्या साइटमध्ये आहे, तिचं झीरोइंग करा. दोन क्लिक फिरवल्या आणि पुढच्या गोळ्या मध्यावर.

वीस वर्षं मी हा किस्सा नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. घरी मात्र विसरलो. दुखण्यातून माणूस घडतो हे खरं, मी स्वतः तसाच घडलो. पण कुठलं दुखणं शिकवणारं आणि कुठलं नुसतं बिघडलेल्या हत्याराचं, हे तपासायचं काम वरिष्ठाचं असतं. ते न करता जिद्दीवर भाषण देणं फार सोपं.

त्या रात्री जेवताना मी लेकीला म्हटलं, "चूक माझी होती. तू आळशी नव्हतीस." ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना." एवढंच. मग ताट उचलून आत गेली आणि थोड्या वेळाने आतून एफ ऐकू आला, जरा खरखरीत, पण एफच.

पुढची पोस्टिंग माझी एकट्याची, लडाखला. बाहने तिला ट्रस रॉडची किल्ली देऊन ती कशी फिरवायची हे शिकवलं आहे. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवायची नाही, अशी ताकीदही.