लाल टोपीआधीचे चार रविवार

मराठवाड्यातल्या चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात नाताळ ओळखीचा होतो तो बहुधा शाळेतल्या लाल टोपीमुळे. ख्रिस्ती घरांत मात्र त्याची चाहूल चार रविवार आधीच लागलेली असते. हा आगमनकाळ. अनेक चर्चमध्ये फादरांची वस्त्रं जांभळी होतात, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. कॅथलिक मंडळी याच दिवसांत पापनिवेदनही उरकतात. फराळापेक्षा ते काम अवघड.

सप्ताह-पारायणात वाढलेल्या मराठवाड्याला हे परकं वाटायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, ते मराठी ओव्यांत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तनाला चर्चचं दार उघडून दिलं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

आणि नाताळच्या फराळातल्या करंज्या! सारण तेलात सांडू नये म्हणून काठाला दुधाचं बोट फिरवायचं, कातण्याने कड कापायची, नि डब्याकडे वळलेल्या पोराला ‘पंचवीस तारखेला!’ म्हणून दटावायचं.

बाजाराला टोपीच विकता येते, त्याचं काय करणार? शाळांनी तरी यंदा एखाद्या ख्रिस्ती आजीला बोलावून या चार आठवड्यांबद्दल मुलांना ऐकवावं. आजींसोबत करंज्यांचा डबा आला, तर हेडमास्तरही नको म्हणणार नाहीत.