एकच साचा भामरागडला कसा पुरेल?

राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रभेटी अशी कलमे मुंबईला आणि गडचिरोलीला तीच.

सरकारी कार्यालये एकाच वळणाने सुधारतात, कारण वरून आदेश येतो आणि गुणांकन होते. शिवाय कामाचे फळ मोजणे अवघड असले, की नावाजलेल्या जिल्ह्याचा कित्ता गिरवणे अधिकाऱ्याला सुरक्षित वाटते. ऐंशीच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी अहमदनगरला बसवलेली दप्तराची घडी अशीच ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. तिने लोकांचे भलेच केले.

पण गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्याची अडचण दप्तरापुरती नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते, रस्ता तुटतो. मोबाइलची रेंज गेली की ऑनलाइन अर्जही थांबतो. अर्जदार माडिया ही आदिवासी भाषा बोलतो, अर्ज मराठीत असतो. याच तालुक्यात हेमलकशाला १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. रुग्णाचे दुखणे समजायला दुसरा मार्गच नव्हता.

म्हणून गुणांकनात अशा तालुक्यांसाठी स्वतंत्र निकष हवेत: पावसाळ्याआधी पोचलेला औषध-धान्यसाठा, माडिया जाणणारा कर्मचारी, भरलेली पदे. पुढचा कार्यक्रम आखताना जिल्हा प्रशासनाने हे निकष स्वतःहून मागावेत आणि मंत्रालयाने ते मान्य करावेत.