तंटामुक्ती समिती कोणाच्या बाजूची?

"आमी कोनाच्याच बाजूचे नाही, भाऊ. आमी शांतता राखाले बसलो आहो."

आपल्याच तालुक्यातल्या एका गावच्या तंटामुक्ती समितीच्या सदस्यानं मला हे ऐकवलं. गावाचं नाव घेत नाही. प्रकरण एवढंच की एका कुटुंबाच्या शेतातून ट्रॅक्टर नेण्याचा वाद. एका बाजूला अर्धं गाव, दुसऱ्या बाजूला नवरा-बायको आणि एक म्हातारी. रात्री पंधरा-वीस जण त्यांच्या दारात जाऊन शिव्या देऊन, धमकावून आले. सकाळी समिती बसली, चहा झाला, आणि दोन्ही बाजूंकडून एकाच कागदावर लिहून घेतलं की यापुढे आम्ही भांडण करणार नाही. म्हातारीनं अंगठा दिला. तिनं कोणतं भांडण केलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

यावर मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं तर इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोट्ट्यानं थेट 'स्टार वॉर्स' काढलं. त्यात जेडाय नावाचे योद्धे आहेत. आकाशगंगेत शांतता राखणं हे त्यांचं काम. २००२ च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये ते सुरुवातीला सांगतात की आम्ही सैनिक नाही, आणि शेवटी तेच फौजेचे सेनापती होऊन लढाईत उतरतात. पुढच्या, २००५ च्या भागात तीच फौज त्यांना मारून टाकते. पोट्ट्याचं म्हणणं, शांतता राखणारा एकदा बाजू घेऊन उतरला की संपला, म्हणून समितीचं बरोबर आहे.

मुद्दा बिनकामाचा नाही. माझ्या विरोधात आलेला हाच सर्वांत चांगला मुद्दा. पण लेका, पहिला भाग विसरलास. १९९९ च्या त्या सिनेमात जेडायला एक गुलाम बाई आणि तिचा मुलगा भेटतात. मुलगा कामाचा, म्हणून त्याला तो सोडवून नेतो. आई गुलाम म्हणून तिथंच राहते, कारण गुलाम सोडवायला तो आलेलाच नसतो. म्हणजे दुबळ्या बाईसाठी हे तटस्थ, आणि सत्तेवरच्या माणसाला फौज हवी झाली की हेच सेनापती. फौज कोणी मागवली होती याची धड चौकशीही नाही. जेडाय बुडाले ते लढले म्हणून असं मला वाटत नाही. कोणासाठी उभं राहायचं हे त्यांनी कधी स्वतः ठरवलंच नाही.

सिनेमा सोडा. आपल्या जिल्ह्यात या.

खैरलांजी, तालुका मोहाडी. तिथंही वाद शेतातून रस्ता काढण्यावरूनच पेटला होता. भोतमांगे कुटुंबाच्या बाजूनं उभे राहणारे धुसाळ्याचे पोलीस पाटील होते. ३ सप्टेंबर २००६ ला त्यांना मारहाण झाली. सुरेखाबाई आणि प्रियंकानं मारणाऱ्यांची नावं सांगितली. हे लक्षात घ्या, गावात शांतता राहावी म्हणून कायद्याला जे काम हवं असतं, ते या मायलेकींनी केलं, बिनपगारी. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरी गेला. सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर, रोशन. चौघांचे खून. एकटे भैयालाल वाचले. पोलिसांना फोन गेला होता. पोलीस वेळेत आले नाहीत, नंतर निलंबनं झाली. आणि गावात कोणी काही पाहिलं नव्हतं म्हणे!

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा फाशी, दोन जन्मठेप. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षं सक्तमजुरी केली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागलाच नाही. भैयालाल २०१७ च्या जानेवारीत गेले. तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली १५ ऑगस्ट २००७ ला, म्हणजे खैरलांजीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. निदान भंडाऱ्याच्या समित्यांनी तरी खैरलांजी डोळ्यांसमोर ठेवून बसायला हवं होतं.

बाहेरच्या जगातही हेच झालं आहे. बोस्नियात स्रेब्रेनित्सा हे गाव संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं होतं. जुलै १९९५ मध्ये तिथं डच शांतिसैनिक हजर असताना सर्ब फौजेनं गाव घेतलं आणि आठ हजारांवर पुरुष आणि पोरं मारली. डच सैनिकांजवळ बळ कमी होतं, हे खरं. पण तळाच्या आत आश्रयाला आलेल्या साडेतीनशे पुरुषांनाही बाहेर जाऊ दिलं गेलं. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल स्वतःच्याच सरकारला १० टक्के जबाबदार धरलं. दहा टक्के का असेना, तटस्थपणाची किंमत कोर्टानं लिहून दिली. २००० सालच्या ब्राहिमी अहवालानंही संयुक्त राष्ट्रांना सुनावलं होतं की एक बाजू उघड हल्ला करत असताना दोघांना सारखं वागवणं म्हणजे गुन्ह्यात साथ देणं ठरू शकतं.

आणि उलटं उदाहरण आपल्याच सैन्याचं. ५ डिसेंबर १९६१, काँगोतलं एलिझाबेथव्हिल. शांतिसेनेत गेलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया रस्ता अडवून बसलेल्या मोठ्या तुकडीवर मूठभर गोरख्यांना घेऊन तुटून पडले. त्यात ते गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. निळी टोपी घातली म्हणून ते हातावर हात धरून बसले नाहीत.

आता कोणी म्हणेल, "काहून बाप्पा, समितीनं काय लाठ्या घेऊन फिराचं काय?" नाही. लाठी हातात घेतलेली समिती मला नकोच, ती उद्या गावातल्या दांडग्याचीच फौज होईल. मी मागतो ते फार कमी आहे. जमाव दारात गेला की ११२ ला फोन करा. चार सदस्य त्या ओसरीवर जाऊन बसा, अध्यक्ष पुढं. कोण आलं होतं ते नावानिशी लिहा. बाईला ठाण्यात जायचं असेल तर सोबत जा, "घरच्या घरी मिटवा" म्हणू नका. समितीचा अधिकार तडजोड होऊ शकते अशाच गुन्ह्यांपुरता आहे. अ‍ॅट्रॉसिटीत तडजोड नाही. आणि त्या कायद्याचं कलम ४ ठाण्यातल्या साहेबांनीही वाचावं. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

एका मित्रानं विचारलं, मग गावात वैर नाही वाढणार? वाढेल. पंधरा-वीस जण समितीवर नाराज होतील, पुढच्या वेळी मतं मिळणार नाहीत. खुर्ची जाईल. म्हातारीचं काय जाऊ शकतं, ते या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आमच्या गावात ठराव मांडतोय. धमकीची तक्रार आली तर समितीनं दोन्ही बाजूंकडून एकच कागद लिहून घ्यायचा नाही, धमकी देणाऱ्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत चढवायची आणि त्याच दिवशी बीट जमादाराला कळवायचं. अनुमोदन द्यायला कोण उभं राहणार, ते आताच सांगून ठेवा.