कारणाचा रकाना

मृत्यूच्या नोंदवहीत ‘कारण’ या नावाचा एक रकाना असतो. एखादी बाळंतीण दगावली की त्यात बहुधा ‘अतिरक्तस्राव’ किंवा ‘आकडी’ असे लिहिले जाते. ते खोटे नसते; पण अपुरे असते. भाषांतराच्या निमित्ताने असे तक्ते आमच्या हाताखालून वारंवार जातात, आणि दर वेळी वाटते की, या रकान्यात जेमतेम एक शब्द मावेल एवढीच जागा का ठेवली असावी!

आसामातील चहाच्या मळ्यांचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा इत्यादी प्रदेशांतून आणलेल्या मजुरांचे वंशज तेथे राहतात. पाने खुडण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे. ठरलेले वजन भरले नाही तर मजुरी कापली जाते; म्हणून दिवस भरत आले तरी पाठीवरची टोपली उतरत नाही. शाळा लवकर सुटलेली, लग्न लवकर झालेले, ताटात भाताखेरीज फारसे काही नाही, त्यामुळे अंगात रक्त मुळातच उणे. निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सोसून उठते, तेवढ्यानेच अशी स्त्री दगावते. तिचे मूलही पुष्कळदा कमी वजनाचे जन्मते. त्यातच मिठाचा चहा पिण्याची तेथे जुनी रीत आहे. उन्हात घाम गाळणाऱ्याला तो हुशारी देतो, पण रक्तदाब वाढवण्यासही हातभार लावतो. आणि गरोदरपणी वाढलेला रक्तदाबच आकडीला कारण होतो. आता सांगा, वाचकहो, रकान्यात काय लिहावे?

२०१८–२० या काळात एक लक्ष जिवंत जन्मांमागे आसामात १९५ माता मृत्यू पावल्या, केरळात १९. देशाची सरासरी ९७ होती. वर्षाच्या आत दगावणारी बालके २०२० साली दर हजारी आसामात ३६, तर केरळात ६. केरळ श्रीमंत म्हणून हे घडले असे म्हणावे, तर १९७० च्या सुमारास त्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमीच होते, आणि बालमृत्यू तेव्हाही इतरांहून कमी होते. तेथील मुली शाळेत टिकल्या, त्यांची लग्ने उशिरा झाली, दवाखाना फार दूर नव्हता. आमच्या मते याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ‘मला बरे वाटत नाही’ हे शिकलेल्या सुनेचे म्हणणे घरात ऐकले जाते.

मळ्यांवर वैद्यकीय सोय ठेवण्याची जबाबदारी १९५१ सालच्या कायद्याने मालकांवर टाकली होती. परंतु दवाखाना जवळ असला, तरी तेथे जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण उरलीच. २०१८ साली आसाम सरकारने मळ्यांतील गरोदर स्त्रियांना बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून हप्त्याहप्त्याने १२,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. आरोग्य खात्याच्या या योजनेत औषधाची एकही गोळी नाही. आहे ती केवळ घरी बसण्याची मजुरी.