गाडीचा आवाज आणि मिलचे तर्कशास्त्र

पिकअप घेताना गाडी मोठ्याने ओरडू लागली की आपल्याकडे एकच निदान ठरलेले असते : सायलेन्सर गेला. हे निदान मालक करतो, शेजारी करतो, कोपऱ्यावरचा पानवालाही करतो. मग सायलेन्सर बदलतो, पैसे जातात आणि पुष्कळदा आवाज तसाच राहतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या गाडीचे असेच झाले. दोष होता पुढच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि बदलला गेला सायलेन्सर! मला वाटते, यात गॅरेजवाल्याइतकाच दोष गाडीवाल्यांचाही आहे, आणि थोडासा आपणा शिकणाऱ्या मंडळींचाही.

तर्कशास्त्राच्या तासाला आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकतो. १८४३ साली त्याचा ग्रंथ निघाला. अन्वय, व्यतिरेक, सहपरिवर्तन ही नावे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. माझ्या मामांच्या गॅरेजात मात्र ती रोज राबतात. मामा सातवी शिकलेले. मिलचे नाव त्यांच्या कानावर कधी आलेले नाही.

गाडी वेग घेते तेव्हा तीन गोष्टी एकदम बदलतात. इंजिनचे फेरे वाढतात, चाकांचे फेरे वाढतात आणि इंजिनवर भार पडतो. आवाज या तिघांपैकी कोणाच्या मागे धावतो, हे शोधणे म्हणजेच निदान. मामा प्रथम गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस देतात. चाके थांबलेली असूनही आवाज आला, तर चाके निर्दोष सुटली. पण आवाज आला नाही, तर मात्र इंजिन सुटत नाही. कारण उभ्या गाडीत चाकांबरोबर भारही गेलेला असतो. (व्यतिरेक पद्धतीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे आपले सर सांगतात ते हेच.) म्हणून दुसरी परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने आधी तिसऱ्या गिअरमध्ये जायचे, मग त्याच वेगाने चौथ्यामध्ये. चाकांचे फेरे तेवढेच, इंजिनचे मात्र कमी झाले. आवाजाची पट्टी उतरली तर दोष इंजिनच्या बाजूचा, जशीच्या तशी राहिली तर चाकांच्या. याहून सोपे सहपरिवर्तनाचे उदाहरण मला तरी पुस्तकात सापडले नाही.

पुढे कान कामाला येतो. बेअरिंगची घरघर वळणावर बदलते : गाडी उजवीकडे वळली की वजन डावीकडे झुकते आणि डावे बेअरिंग खराब असेल तर ते जास्त गुरगुरते. काकांची गाडी हेच सांगत होती, पण विचारले कोणी? इंजिन आणि धुराचा नळ जिथे जुळतात तिथले पॅकिंग फुटले, तर सकाळी थंड गाडीत टकटक मोठी येते आणि लोखंड तापून फुगले की दबते. अशा वेळी मामा थंड गाडी चालू करून मागच्या नळीवर जाड फडके क्षणभर दाबतात. जिथे फट असेल तिथून फुसफुस ऐकू येते. चढावर डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर तो नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल वेळेआधी किंवा भलत्या रीतीने पेटल्याचा. तो सायलेन्सर बदलून जाणार कसा? आणि कित्येकदा तर नळावरचा उष्णतारोधक पत्रा सैल झालेला असतो. एक क्लिप आवळली की गाडी गप्प.

खरी गोम या क्लिपपाशीच आहे. अर्धा तास डोके चालवून मामा क्लिप आवळतात, तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, "एवढ्याचे काय पैसे घेता, मिस्त्री?" आणि चहा पाजून निघून जाते. नवा सायलेन्सर बसवला असता तर त्याने मुकाट्याने पैसे मोजले असते. बिलात सुट्या भागाची ओळ असते, मजुरीची असते. विचार केल्याची ओळ कुठेच नसते. मग मेकॅनिकने विचार कशासाठी करावा? भाग बदलण्याचा सोपा रस्ता आपणच त्याला दाखवला आहे.

पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले, त्यातून स्टेथोस्कोप आला. मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनवर टेकवून मूठ कानाशी धरतात, हा प्रकार त्याच जातीचा. डॉक्टरांनी औषध दिले नाही तरी तपासणीची फी आपण देतो. इथे मात्र हात काळे असले की डोके धरायचे नाही, असा आपला हिशेब. आता स्कॅनर आले आहेत हे खरे. पण स्कॅनर गाडीतल्या सेन्सरांनी नोंदवलेलेच वाचतो; पत्रा सैल झाला किंवा बेअरिंग घरघरते, हे तो सांगत नाही.

आपल्या तर्कशास्त्राला प्रात्यक्षिक नाही. वर्षातून एक तास वर्ग गॅरेजात भरवावा, अशी माझी विभागाला विनंती आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी तोवर एवढे करावे : आवाज थंड गाडीत येतो की तापल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, वळणावर बदलतो का, हे लिहून न्यावे आणि निदानाचे पैसे वेगळे विचारावेत. फक्त आवाजाबरोबर गाडीत धुराचा वास येत असेल, तर टिपणे काढत बसू नये. काचा उघडून गाडी बाजूला घ्यावी, बंद करावी आणि दुरुस्त होईपर्यंत चालवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो.