मिसिसिपीच्या आधी कोल्हापूर

ऑनसाईटहून परतलेल्या माणसाचं एक ठरलेलं कीर्तन असतं. आधी तिथले रस्ते, मग लायब्ररी आणि शेवटी 'तिकडची पब्लिक स्कूल'. घराच्या पत्त्यावरून शाळा मिळते, फी नाही, पिवळी बस येते वगैरे. परवा हापिसात हे पुन्हा ऐकलं. भरतवाक्यही तेच: "आपल्याकडे हे होणं शक्यच नाही."

शक्यच नाही? मंडळी, जरा साल लावून बघू.

अमेरिकेत सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पहिल्यांदा मॅसॅच्युसेट्सने केला, १८५२ साली. टेक्सासला त्यासाठी १९१५ उजाडलं आणि मिसिसिपीला १९१८. आणि आपण? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनला १८८२ सालीच सांगितलं होतं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. गोखल्यांचं विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! म्हणजे मिसिसिपीच्या एक वर्ष आधी.

याहून मोठी गोष्ट १९१९ ची. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा महाराजांनी बंद केल्या आणि त्यांना सगळ्यांबरोबर एकाच शाळेत बसवायला लावलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या १९५४ साली. पस्तीस वर्षांनी!

मग घोडं अडलं कुठे? माझं उत्तर कुणाला आवडणार नाही. घोडं आपल्यापाशी अडलंय.

मी टेमघरला राहतो. सकाळी आमच्या बिल्डिंगखाली दोन रांगा दिसतात. एक स्कूल व्हॅनची वाट बघणारी, टाय लावलेली. दुसरी चालत जाणारी, पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलेल्यांच्या पोरांची. दोन्हीतली पोरं एकाच गल्लीतली. वेगळ्या शाळांचा हुकूम आता कुणी काढत नाही, ते काम फीची पावती करते.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) खाजगी शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या. जवळ सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला. जुलैमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. त्या दिवसांत आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "त्यांच्या मुलांबरोबर आपली मुलं बसवायची का?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही, पण बोललोही नाही. माझीही मुलगी व्हॅनच्याच रांगेत उभी असते ना!

लोक म्हणतील, सरकार शाळांना प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही. खरं आहे, मग सरकारशी भांडा. सहा वर्षांच्या पोराशी कसलं भांडण? अजून एक म्हणणं असतं, अमेरिकेतही चांगल्या शाळेसाठी लोक महागड्या वस्तीत घर घेतात. तेही खरंच. पण तिथला इंजिनियर निदान सरकारी शाळेच्या बैठकीला जाऊन तावातावाने भांडतो, कारण त्याचं स्वतःचं पोर तिथे असतं. आपल्या महापालिकेच्या शाळेत नळ बंद पडला तर तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही.

महाराजांकडे हुकूम होता, आपल्याकडे निदान तोंड आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर तसला मेसेज आला की मी उत्तर लिहिणार आहे. १९१९ सालाची आठवण करून देणार आहे.

ग्रुपमधून काढलं तर इथे लिहीनच. असो.