पणतीचा फोटो
नातीचा फोटो आईपुढे धरला. "ही कोण रे? नाकच तेवढं दिसतंय!" ती म्हणाली. आईची नजर अधू होत चाललेली. पणती ओळखू येईल असा एक तरी फोटो तिला हवा होता.

चूक माझीच. मोबाइल पोरीच्या अगदी तोंडाशी नेला होता. इतक्या जवळून नाक फुगते, कान आक्रसतात. मग कॅमेऱ्याला ८५ मिलिमीटरची लेन्स लावली, दीड मीटर मागे सरलो, पोरीला खिडकीपाशी बसवले आणि गुडघे टेकून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो. फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर १/२५०. "हास" न म्हणता हाती करंजी दिली.

आईने फोटो डोळ्यांशी नेला. "अगदी तुझंच हसू!"

वाचकहो, आमच्या घरी यंदा पणती आधीच उजळली. तुम्हीही टेका गुडघे!